सरकारवर प्रेम असलेच पाहिजे का? विलायत, अमेरिका आणि आपली लेखणी

आमच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते. नागरिकशास्त्राचे सर रजेवर असले की त्यांचा तास बहुतेक वेळा माझ्याकडे येतो. मागे एकदा असाच तास आला. इंग्लंडात राजा आणि पंतप्रधान, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष, दोन्ही देश लोकशाही, एवढे फळ्यावर लिहून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, तिथं सरकारच्या विरोधात लिहिलं तं काय होते?"

मी म्हणाले, "काही होत नाही, लोकशाही आहे ना." तास संपला, पण ते उत्तर मलाच पटले नव्हते. दोन्ही देशांचे उत्तर एकच आहे का? आणि नेहमीच तसे होते का?

हा प्रश्न मनात राहण्याला दुसरेही एक कारण होते. आमच्या भागातल्या एका गावच्या ग्रामसभेत मी पाण्याच्या कामाचा हिशेब विचारला होता. गावाचे नाव सांगत नाही. उत्तर मिळाले नाही. एकजण म्हणाले, "बाई, तुम्ही मास्तरीण, शिकवण्याचं पाहा." त्यांच्या शेजारच्याने पुस्ती जोडली, "आन् तुमच्या लोकांनी तं अशा टायमाला गप्पच राहिलेलं बरं." हिशेब पाण्याचा होता. तो माझ्या देशप्रेमापर्यंत कसा पोहोचला, हे मला त्या दिवशी कळले नाही. नंतर इतिहास वाचताना कळले की हा रस्ता जुना आहे आणि तो कोणी आखला तेही नोंदलेले आहे.

कापसाची वाट

विलायत आणि अमेरिका हे आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना वाटतात तितके लांबचे देश नाहीत. आमचे जऊळका अकोला-पूर्णा मार्गावरचे स्टेशन, म्हणून लोक त्याला जऊळका रेल्वे म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हा मुलूख बासीम जिल्ह्यात होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवले. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव कडाडले. १८६५ साली युद्ध संपले, तसे ते कोसळलेही. तरीही वऱ्हाडच्या कापसावरची नजर हटली नाही. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो त्याच कापसासाठी.

त्या युद्धाच्या काळातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कापूस नाही म्हणून लँकेशायरचे गिरणी कामगार उपाशी होते. लंडनच्या 'टाइम्स'सारख्या मातब्बर पत्राचा कल दक्षिणेकडे होता. तरी १८६२ च्या अखेरच्या दिवशी मँचेस्टरमध्ये सभा भरली आणि तिथल्या कामगारांनी अब्राहम लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठवले. पुढच्याच महिन्यात लिंकनने त्यांना उत्तर दिले. मताचा हक्क नसलेल्या कामगारांनी सभा घ्यायची, ठराव करायचा, परदेशच्या राष्ट्राध्यक्षाला पत्र लिहायचे, आणि त्याने उत्तरही द्यायचे! सार्वजनिक जीवन म्हणतात ते हेच. त्याच वेळी त्यांच्यासाठी कापूस पिकवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला मात्र कोणाला पत्र लिहावे हेही माहीत नव्हते.

एक लेखक, दोन देश

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवले. फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले होते. या पेनच्या आयुष्यात माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

पेन मूळचा इंग्रज. १७७४ साली तो अमेरिकेत गेला. १७७६ च्या जानेवारीत त्याने 'कॉमन सेन्स' नावाची पुस्तिका काढली. राजा कशाला हवा, असा तिचा सरळ सवाल होता. अमेरिकेत ती हातोहात गेली आणि स्वातंत्र्याच्या लढ्याला तिने बळ दिले. पुढे त्याने 'राइट्स ऑफ मॅन' इंग्लंडात छापले, तेव्हा सरकारने त्याच्यावर राजद्रोही लेखनाचा खटला भरला. पेन तोवर फ्रान्सला निघून गेला होता. १७९२ च्या डिसेंबरात त्याच्या गैरहजेरीतच त्याला दोषी ठरवण्यात आले.

लेखक एकच, विचारही तेच. एका देशात त्याने राष्ट्र उभारायला मदत केली, दुसऱ्यात तो गुन्हेगार ठरला. १७९१ साली अमेरिकेने आपल्या राज्यघटनेत पहिली दुरुस्ती केली. भाषण आणि छपाईचे स्वातंत्र्य कमी करणारा कायदा काँग्रेसने करू नये, असे त्यात लिहून ठेवले. इंग्लंडात असे एका कागदावर लिहिलेले काही नव्हते. तिथले स्वातंत्र्य वहिवाटीचे. पार्लमेंट, न्यायालये आणि छापखाने यांच्या झगड्यातून ते हळूहळू रुजत गेले.

पण लिहून ठेवले म्हणजे पाळले जाते असेही नाही. पहिल्या दुरुस्तीला सात वर्षे होत नाहीत तोच, १७९८ साली, अमेरिकेनेही राजद्रोहाचा कायदा केला आणि विरोधी पत्रांच्या संपादकांना तुरुंगात टाकले. १८०१ साली त्याची मुदत संपली आणि तो पुन्हा आणला गेला नाही. ज्या पक्षाने तो आणला, तो १८०० ची निवडणूक हरला होता.

पंडिता रमाबाईंनी काय पाहिले

दोन्ही देश स्वतः पाहून मराठीत लिहिणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचे नाव पहिल्या फळीतले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकवू लागल्या. पण तिथे पायऱ्यांची उतरंड होती. पुरुषांनाही शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांचे मत घेतले गेले आणि ते विरोधात गेले. रमाबाईंनी कळवले की एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीच्या ताब्यात जाण्यासाठी नाही. आपला विवेक आपण गहाण टाकणार नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. तिथे त्या गावोगाव बोलल्या. १८८७ साली इंग्रजीत पुस्तक काढले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. भारतातल्या विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे तिने मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले ते या बळावर.

त्याच वर्षी त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक आले. बायकांनी मंडळे काढायची, वर्गणी जमवायची, पत्रके छापायची, आणि मत देण्याचा हक्क नसतानाही देशाच्या कारभारात हात घालायचा, याचे त्यांना फार अप्रूप वाटले. इंग्लंडात परवानगी वरून खाली येत होती, अमेरिकेत माणसे एकत्र येऊन काम सुरू करत होती. पण रमाबाई भाळून गेल्या नाहीत. मूळ रहिवाशांची झालेली लूट आणि काळ्या लोकांना मिळणारी वागणूक त्यांनी लपवली नाही. मला त्यांच्यातले हे फार आवडते. पाहुणी म्हणून गेल्या, मदत घेऊन आल्या, तरी डोळे उघडे ठेवले.

'प्रेम नसणे' हा गुन्हा

आता आपल्याकडे येऊ. विलायतेत जे स्वातंत्र्य वहिवाटीने आले, ते इंग्रजांनी आपल्याला दिले नाही. आपल्याला मिळाला तो कायदा. १८७० साली दंडसंहितेत १२४-अ हे राजद्रोहाचे कलम आले.

१५ जून १८९७ च्या 'केसरी'तल्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर या कलमाखाली खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला कायदा समजावला, त्यातला एक मुद्दा आपण प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. 'डिसअफेक्शन' म्हणजे अप्रीती, आणि अप्रीती म्हणजे सरकारविषयी प्रेमाचा अभाव, असा अर्थ त्यांनी लावला. मग दंगा झाला की नाही, कोणी शस्त्र उचलले की नाही, याला महत्त्व राहत नाही. लेखकाच्या मनात सरकारविषयी प्रेम आहे का, एवढेच पाहायचे.

ज्यूरीत नऊ जण होते. सहा युरोपीय आणि तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या काळी इंग्लंडात बाराही ज्यूरींचे एकमत झाल्याशिवाय कोणाला दोषी ठरवता येत नसे. टिळक लंडनचे संपादक असते, तर तीन जणांच्या नकारावर तो खटला तिथेच अडला असता. मुंबईत मात्र न्यायाधीश सहमत असले की बहुमत पुरे होते. राज्य एकच, राणी एकच, पण ज्यूरीचा नियम निराळा.

त्या वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन आमच्या वऱ्हाडात, अमरावतीला भरले. दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते आणि त्यांचे मित्र टिळक तुरुंगात. पुढे १९०८ साली टिळकांवर दुसरा खटला झाला. या वेळी सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षे मंडाले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. टिळकांना सोडवण्यासाठी खापर्डे थेट विलायतेला गेले आणि दोन वर्षे खटपट करत राहिले. हाती काही आले नाही.

आता जी गोष्ट सांगते ती मराठी शाळांत कोणी सांगत नाही आणि उर्दू शाळांत अर्धीच सांगतात. त्याच १९०८ साली अलिगढला मौलाना हसरत मोहानी यांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. त्यांच्या 'उर्दू-ए-मुअल्ला' या नियतकालिकात इजिप्तमधल्या इंग्रजांच्या शिक्षणविषयक धोरणावर टीका करणारा लेख आला होता. लेख दुसऱ्याचा होता, पण हसरत यांनी लेखकाचे नाव सांगितले नाही. जबाबदारी स्वतःवर घेतली. तुरुंगात त्यांना जाते ओढावे लागले. हे हसरत मोहानी टिळकांना आपला नेता मानत. एक पुण्याचा ब्राह्मण संपादक, दुसरा उर्दूचा गझलकार मौलाना. वर्ष तेच, कलम तेच. 'तुमच्या लोकांनी गप्प बसावे' म्हणणाऱ्यांना मी आता हे दोन खटले सांगते.

तिसरी एक नोंद. १९१६ साली टिळकांच्या बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून सरकारने पुन्हा त्यांच्याकडून जामीन मागितला. तेव्हा हायकोर्टात त्यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि जिंकले. पुढचा इतिहास काहीही असो, ही नोंद पुसता येत नाही.

लंडनच्या न्यायालयाचा अनुभवही टिळकांनी घेतला. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने पुस्तकात त्यांची बदनामी केली, म्हणून ते स्वतः फिर्यादी होऊन विलायतेला गेले. १९१९ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने चिरोलच्या बाजूने कौल दिला. पण त्याच मुक्कामात टिळकांनी मजूर पक्षाच्या लोकांशी संबंध जोडले, सभा घेतल्या. विलायतेतली दुसरी वाट त्यांना नीट उमगली होती. तिथे पार्लमेंटमध्ये तुमच्यासाठी प्रश्न विचारणारा माणूस मिळवावा लागतो.

सॅन फ्रान्सिस्कोचा उर्दू अंक

अमेरिकेत काय चालले होते? १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून 'गदर' निघाले. पहिला अंक उर्दूत होता, पंजाबी नंतर आले. भारतात जे छापता आले नसते ते तिथे उघड छापले जात होते. या मंडळींत आमच्या विदर्भातले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तळेगाव ढमढेरे इथले विष्णू गणेश पिंगळे होते, भोपाळचे मौलवी बरकतुल्लाही होते. पिंगळे परत आले आणि १९१५ साली लाहोरला फासावर गेले.

म्हणजे अमेरिकेत पूर्ण मोकळीक होती का? १९१७ साली अमेरिका महायुद्धात इंग्लंडच्या बाजूने उतरली आणि सॅन फ्रान्सिस्कोतच गदरवाल्यांवर खटला भरला गेला. १९१८ साली अमेरिकेने पुन्हा राजद्रोहाचा कायदा केला आणि १९२० साली तो मागे घेतला. या सगळ्यातून मला एक गोष्ट दिसते. इंग्लंड असो की अमेरिका, सत्तेला भीती वाटली की लेखणीवर हात पडतोच. फरक आहे तो पुढे काय होते यात. अमेरिकेत माणूस लिहिलेला हक्क हातात घेऊन न्यायालयात जातो. इंग्लंडात सभागृहात प्रश्न विचारला जातो आणि मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे या दोन्ही वाटा तेव्हा बंद होत्या.

बाबासाहेबांची निवड

या दोन्ही वाटा ज्यांनी तिथे राहून अभ्यासल्या ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठ, त्यानंतर दोन टप्प्यांत लंडन. मधल्या काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, शाहू महाराजांच्या मदतीने त्यांनी 'मूकनायक' काढले. पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले. टिळकांचा तुरुंगवास जितका खरा, तितकीच ही गोष्टही खरी. सरकार तोंड बंद करते, तसा समाजही करतो. म्हणूनच तर पत्राचे नाव 'मूकनायक'.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी या दोन देशांची तुलना केली. अमेरिकेच्या पद्धतीत सरकार जास्त स्थिर राहते, इंग्लंडच्या पद्धतीत ते जास्त जबाबदार राहते. दोन्ही एकाच मापात मिळत नाहीत. अमेरिकेत कारभाराचा हिशेब ठरावीक मुदतीने होतो, इंग्लंडात तो रोज होतो. प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वास. आपण जबाबदारीला जास्त मोल दिले आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणून आपली संसद विलायतेच्या वळणाची. मूलभूत हक्क मात्र अमेरिकेसारखे लिहून ठेवले. त्यावर टीका झाली की अमेरिकेत हक्क अमर्याद आहेत, तुम्ही अटी घातल्या. बाबासाहेबांनी अमेरिकेतल्याच गिटलो खटल्याचा दाखला देऊन दाखवले की तिथेही ते अमर्याद नाहीत. गिटलो हाही एका जाहीरनाम्याच्या छपाईवरून शिक्षा झालेला माणूस. त्याच सभागृहात हसरत मोहानीही सदस्य म्हणून बसत होते आणि मसुद्याच्या अनेक गोष्टींना विरोध करत होते. विरोध केला म्हणून त्यांच्या प्रेमाचा दाखला सभागृहाने मागितला नाही.

पुढचा योगायोग चटका लावणारा आहे. अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती भाषणस्वातंत्र्य देणारी. आपली १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती त्यावरची बंधने वाढवणारी. आदल्या वर्षी मुंबईचे डावे साप्ताहिक 'क्रॉस रोड्स' आणि दिल्लीचे 'ऑर्गनायझर', म्हणजे दोन टोकांची दोन पत्रे, सर्वोच्च न्यायालयात सरकारविरुद्ध जिंकली होती. त्यानंतर ही दुरुस्ती आली.

ज्या इंग्लंडने आपल्याला राजद्रोहाचे कलम दिले, त्याने २००९ साली कायदा करून स्वतःकडचा तो गुन्हाच रद्द केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये १२४-अ चा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. त्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण देशाची एकता आणि सार्वभौमत्व धोक्यात आणणाऱ्या कृतींविषयीचे १५२ वे कलम आहे.

न्यायालयाने चांगलेही काही घेतले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ठरवले की सरकारी पदावरच्या माणसाला बदनामीचा दावा जिंकायचा असेल, तर लेखकाने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटे छापले हे त्याने सिद्ध करावे. इंग्लंडात १९९३ साली ठरले की सरकारी संस्थेला अब्रूनुकसानीचा दावाच करता येणार नाही. १९९४ साली राजगोपाल खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही निकालांचा आधार घेऊन सरकारी कामाविषयी लिहिणाऱ्याला संरक्षण दिले. मात्र फौजदारी अब्रूनुकसानीचे कलम २०१६ साली याच न्यायालयाने कायम ठेवले. लेखकाच्या मागची कोर्टाची तारीख त्यामुळे टळलेली नाही.

तर त्या मुलीला उत्तर काय?

पुढचा तास मिळाला तेव्हा मी तिला सांगितले की माझे मागचे उत्तर चुकीचे होते. तिथेही लिहिणाऱ्यांना शिक्षा झाल्या आहेत. पण इंग्लंडात 'सरकारने उत्तर दिले पाहिजे' ही सवय त्यांनी लावून घेतली आणि अमेरिकेत 'माझा हक्क लिहिलेला आहे' ही. आपल्या संविधानाने आपल्याला दोन्ही दिले. लिहिलेला हक्क १९ व्या कलमात आहे. उत्तर मागण्याची जागा संसदेपासून ग्रामसभेपर्यंत आहे, आणि २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा अर्जही आहे. कमी आहे ती सवय.

तिने पुन्हा विचारले, "मग सरकारवर प्रेम नाही केलं तं चालते?"

मी म्हटले, "चालतं. देश वेगळा आणि सरकार वेगळं. सरकारकडून हिशेब घ्यायचा असतो."

स्ट्रेचीसाहेबांचा अर्थ १९६२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात बाजूला सारला. हिंसेची किंवा अव्यवस्थेची चिथावणी नसेल, तर कडक टीका हा राजद्रोह नाही, असे न्यायालयाने सांगितले. पण कागदावरून गेलेला तो अर्थ आपल्या बोलण्यात अजून आहे. पाण्याचा हिशेब विचारणाऱ्या बाईकडे प्रेमाचा दाखला मागितला जातो, तेव्हा बोलणारा आपल्याच गावचा असतो, पण व्याख्या १८९७ सालच्या इंग्रज न्यायाधीशाची असते.

पाण्याच्या कामाच्या हिशेबासाठी मी आता माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे. मराठीत लिहिला, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले आणि पोच घेतली. तीस दिवसांची मुदत आहे, त्यातले बारा झाले.